मशीनच्या डोळ्यातलं कुंकू

रोहणा गावच्या आमच्या मामाचं डोकं फिरलंय, असं मामी लग्न झाल्यापासून सांगत आलेली. त्यामुळे ते खरंच फिरलं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. दसऱ्याला तापाने फणफणलेला मामा उठला, म्हशीला आपट्याचं पान दिलं आणि तिच्या पाया पडला. मामी हसली. मग त्याने तिलाच विचारलं, "तुमी कोन्या गावच्या वं बाई?" तेव्हा मात्र तिने गल्ली गोळा केली आणि शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्याला वर्ध्याला, आमच्या दवाखान्यात आणलं.

मी तिथे लॅबमध्ये काम करते. ताप, भ्रम, ताठलेली मान बघून डॉक्टरांना मेंदूज्वराचा संशय आला. त्यांनी औषध लगेच सुरू केलं, मामाच्या पाठीतलं पाणी काढलं आणि माझ्या हातात दिलं. "जंतू कोणता ते लवकर कळव, म्हणजे नेमकं औषध देता येईल. यात जीव वाचला तरी कधी कधी कान जातात," ते म्हणाले. पूर्वी आम्ही जंतू बशीत वाढायची वाट बघत बसायचो. आता नवं मशीन पाण्यात त्याचा डीएनए शोधून तासाभरात नाव सांगतं.

सांगतं म्हणजे, सांगायला हवं होतं. मी पाणी डबीत भरलं, डबीवरचा बारकोड मशीनपुढे धरला. ओळख पटत नाही, असं पडद्यावर आलं. पुन्हा धरला, पुन्हा तेच. तिकडे मामा मामीला ओळखेना, इकडे मशीन मामाच्या डबीला ओळखेना!

मग नीट बघितलं. आमच्या लॅबच्या थोरल्या ताईंनी सकाळी सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. फ्रीजला हार, सूक्ष्मदर्शकाला हळद, आणि हे मशीन सगळ्यात महागाचं म्हणून त्याला कुंकवाचा हा भलामोठा टिळा. नेमका बारकोड वाचणाऱ्या काचेवर, म्हणजे त्याच्या डोळ्यातच.

मी स्पिरिटचा बोळा उचलला तर ताई आडव्या आल्या. "दसऱ्याचं कुंकू पुसतेत काय? उद्या पुसजो."

"ताई, माझा मामा आहे तो!"

"मनूनच सांगून राह्यली नं. अपशकुन होईन."

मामी रिपोर्टसाठी दारातच ठाण मांडून बसली होती. ती ताडकन उठली आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावून ओरडली, "हे राह्यलं पाह्यजे नं? मंग त्याचं पुसा!"

ताईंनी पदरानेच काच पुसली. वर मशीनला नमस्कारही केला.

मशीनने तासाभरात न्यूमोकोकस हे नाव दिलं आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे औषध ठरवलं. मामाचा ताप उतरला, तो जेवूही लागला. पण खिडकीकडे तोंड करून नुसता पडून राही. हाक मारली तरी वळेना. कान गेले, या धास्तीने मामीला घास गिळवेना. मलाही.

एका दुपारी ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "वावराच्या धुऱ्याची जागा तुमच्या भावाले देऊन टाकू काय?"

"माह्या मढ्यावरून देजो!" मामा खिडकीकडे बघतच गरजला.

सगळा वॉर्ड दचकला. मामी मात्र मटकन खाली बसली आणि रडता रडता मला म्हणाली, "आयकू येते वं बाई. आयकू येते त्याईले."