हनुमान फोटोवाल्याची पेटी

टोकावड्याच्या आसपासच्या गावांत, पाड्यांवर कुणाच्या भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला, तर तो बहुतेक हनुमान हरडांनीच काढलेला असे. माळशेजकडे जाणाऱ्या एसट्या थांबतात तिथून जवळच त्यांचा लहानसा स्टुडिओ. हळद असो, बारसं असो, शाळेचं गॅदरिंग असो, गळ्यात कॅमेरा अडकवून हनुमान हजर. पौषात म्हसा गावची जत्रा भरली की तिथं कनात ठोकून बसायचे. मागं डोंगर-धबधब्याचा रंगवलेला पडदा, पुढं एक खुर्ची. बैलबाजार उरकला की माणसं बायकापोरांसकट येऊन त्या पडद्यासमोर ताठ उभी राहायची.

हनुमानांची एक रीत होती. एकदा काढलेला फोटो ते पुसत नसत. कुणी कागद नेवो, न नेवो, फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये राहायचाच. गावाचं नाव, त्याच्या पोटात घराण्याचं नाव, असं सगळं लावून ठेवलेलं. त्या कॉम्प्युटरला लोक ‘हनुमानची पेटी’ म्हणत. घरातलं माणूस गेलं की दहाव्या-बाराव्याच्या आत कुणीतरी स्टुडिओची पायरी चढायचं आणि हनुमान पेटीतून त्या माणसाचा चेहरा काढून द्यायचे. या कामाचा त्यांना मनातून अभिमान होता. “लग्नाचे फोटो कोणीपन काढील,” ते बायकोला, जयाला म्हणायचे, “पन गेलेल्याला परत घरी कोन नेऊन देतो?”

त्यांची मुलगी दिपिका लग्न होऊन आसनगावला राहते आणि रोज ठाण्याला नोकरीला जाते. एकदा माहेरी आली तेव्हा तिनं एक हार्ड डिस्क आणली. “बाबा, सगळे फोटो यात उतरवा, आणि मग ही काढून कपाटात ठेवा. जोडलेली ठेवू नका,” तिनं बजावलं. कॉम्प्युटरवर भलतीच पानं उघडायची तेही तिनं पाहिलं. “हे असं आलं की बंद करायचं. ब्राउझर आपला आपन अपडेट होतो. कुठलं पान मधीच उठून ‘अपडेट करा’ सांगाया लागलं, तर ते खोटं समजायचं.”

“कळतं गो मला,” हनुमान म्हणाले. “एवढी वर्षं पेटी चालवतोय.”

फोटो त्यांनी डिस्कवर उतरवले. पण रोज काढघाल कोण करणार, म्हणून डिस्क जोडलेलीच राहिली.

मार्गशीर्षातल्या लग्नांची घाई चालू होती. एका नवरीचे मामा अल्बमसाठी दुकानात ठाण मांडून बसले होते आणि दर थोड्या वेळानं “झालं काय?” म्हणून विचारत होते. हनुमान अल्बमच्या पानांची फुकट मिळणारी नक्षी शोधत होते. एका पानावर टिचकी मारली की दुसरंच पान उघडायचं. एकदा पत्त्यांचा खेळ आला, एकदा ‘तुम्हाला मोबाइल लागला’ म्हणून अभिनंदन आलं. दोन्ही त्यांनी सरावानं बंद केली. मग एक स्वच्छ, पांढरं पान आलं. वर ब्राउझरचं ओळखीचं चिन्ह, अगदी हुबेहूब. खाली लिहिलं होतं, तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, पुढे जाण्यासाठी अपडेट करा. आणि निळं बटण.

मुलीचे शब्द त्यांना आठवले नाहीत असं नाही. पण हे पान त्या बाकीच्या भडक पानांसारखं नव्हतं, आणि मामा पुन्हा म्हणाले, “झालं काय?” हनुमानांनी बटण दाबलं. फाइल उतरली, ती त्यांनी उघडली. कॉम्प्युटरनं विचारलं, याला परवानगी द्यायची का? त्यांनी ‘हो’ म्हटलं. डोळ्यांना काहीच झालेलं दिसलं नाही.

जेवून परत आले तेव्हा पडद्यावरचे सगळे फोटो कोरे झाले होते. चेहऱ्यांच्या जागी पांढरे कागद. प्रत्येक नावाला मागं कसल्यातरी अगम्य अक्षरांचं शेपूट लागलेलं. गावाचं नाव उघडलं तरी तेच, घराण्याचं उघडलं तरी तेच, आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत लिहिलेली एक धमकी. त्यांनी घाईनं डिस्क उघडली. तिथंही तेच शेपूट.

मुरबाडला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सुनिलकडं ते सगळं बोचकं घेऊन गेले. सुनिल बराच वेळ बघत राहिला. “काका, याला कुलूप लागलंय. किल्ली त्या लोकांकडं. ते मागतात तेवढं दिलं तरी किल्ली मिळंलच, असं नाय.” मग म्हणाला, “डिस्क कशाला जोडून ठेवली व्हती?”

पोलिसांत तक्रार झाली, तिथल्या माणसांनी नीट ऐकून घेतलं, सायबरवाल्यांकडं पुढं पाठवलं. हाती काही लागलं नाही. सुनिलनं पेटी धुऊनपुसून नव्यासारखी करून दिली. आत काहीच नव्हतं.

इथपर्यंत जे झालं ते कुणाच्याही बाबतीत झालं असतं. हनुमानांना पुढं आयुष्यभर सलत राहिलं ते त्यानंतरचं.

सुनिल आणि पोलीस सोडले तर त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. दिपिकालाही नाही. घरात एकट्या जयाला माहीत होतं. ज्याच्या भरवशावर लोकांनी आपली माणसं सोपवली, त्यानं एका बटणापायी ती घालवली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? कुणी जुना फोटो मागायला आलं की ते म्हणत, “मशीन दुरुस्तीला दिलंय.”

जत्रा होऊन गेली आणि एके दिवशी चांगो दुकानात आला. चांगो वरच्या ठाकूरवाडीतला म्हातारा. वाकडी काठी, डोक्याला फडकं. खुर्चीवर न बसता तो पायरीवरच टेकला.

“दादा, बारकी गेली,” तो म्हणाला.

बारकी त्याची बायको. हनुमानांना ती लख्ख आठवली. मागल्या वर्षीच्या जत्रेत चांगो तिला ओढतच कनातीत घेऊन आला होता. खुर्चीवर बसायला ती तयार नव्हती. तोंडावर हात धरून नुसती हसत होती. हनुमानांनी “बारकीबाय, तो बघा बैल सुटला!” म्हणून ओरड ठोकली, तिनं दचकून हात खाली घेतला आणि तेवढ्यात त्यांनी फोटो टिपला. पुढचा एक दात पडलेला, डोळे मिचमिचे, आणि तोंडभर हसू. त्या जत्रेतला तो सगळ्यात चांगला फोटो होता.

“कागद नेला नव्हता आमी,” चांगो म्हणाला. “ती म्हनली, पुढल्या बाजाराला नेऊ. तुमच्या पेटीत हाय ना?”

‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि हनुमानांच्या तोंडून निघालं, “हाय की. मशीन दुरुस्तीला गेलंय. पुढल्या आठवड्यात या.”

चांगोचा चेहरा उजळला. “आधारकार्डावर हाय तिचा, पन ती ती वाटतच नाय. पोलिसानं धरल्यागत दिसते. हा जत्रंतला बरा.”

पुढल्या आठवड्यात तो आला. त्याच्या पुढल्याही आला. तेव्हा फडक्यात वालाच्या शेंगा बांधून आणल्या होत्या. “तुमाला आनल्या, वहिनी,” म्हणून त्यानं जयापुढं ठेवल्या. हनुमानांनी पुन्हा मशीनचंच सांगितलं. तो गेल्यावर जया शेंगा सोलायला बसली.

“अवो, खरं सांगून टाका. म्हातारा डोंगर उतरून येतो.”

“सांगतो.”

“कवा?”

हनुमानांना वाटत होतं, काहीतरी होईल. सुनिल कुठून तरी किल्ली काढील, कुणाच्या मोबाइलमध्ये बारकीचा फोटो सापडेल. वाडीतल्या पोरांच्या मोबाइलमध्ये त्यांनी विचारून पाहिलंही. एकात तिची पाठ होती, एकात पदराआडचं अर्धं तोंड. तेवढंच. आणि मग चांगो यायचा बंद झाला.

तो येत होता तेव्हा छातीवर दगड होता. तो येईना तेव्हा तो दगड जास्तच जड झाला. शेवटी शिमग्यानंतर हनुमान दुकान बंद करून वाडी चढून गेले. वाटेत खाचरांचे कोपरे काळे पडले होते. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण रचून जमीन भाजतात, ते राब नुकतेच पेटून विझले होते.

चांगो अंगणात टोपली विणत होता. हनुमान त्याच्यासमोर मातीतच बसले आणि सगळं सांगितलं. खोटं पान, निळं बटण, कुलूप. तो पहिल्यांदा पायरीवर येऊन बसला त्याच्या आधीच फोटो गेलेला होता, हेही.

चांगोला बटणाचं किती कळलं कुणास ठाऊक. बाकीचं कळलं. बांबूची पाती त्यानं खाली ठेवली.

“पैल्या दिवशीच सांगायचं व्हतं, दादा.”

“चुकलो, बाबा.”

“तसं नाय.” तो हळू बोलत होता. “तिच्या भावाकडं एक फोटू व्हता. आमच्या लग्नातला, काचंतला. त्याला घरकुल मंजूर झालं, त्यानं जुनं घर पाडाया काढलं. तवा निरोप धाडला, फोटूला वाळवी लागलीय, पायजे तर घेऊन जा. मी म्हनलू, नको. हनुमानदादा रंगीत देतोय.”

“मग? कुठं हाय तो?”

चांगोनं हातानं खालच्या खाचरांकडं दाखवलं. “राबावर गेला. मोडकंतोडकं समदं घातलं त्यानं.”

तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर हनुमानांना बरं वाटलं असतं. आतून सुनेनं कोरा चहा आणला. हनुमान तो पिऊन उठले.

खाली आल्यावर त्यांनी आधी दिपिकाला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, “बाबा, मी काय रागावले असते का?” दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानावर पाटी लावली, की आपल्या चुकीनं पेटीतले सगळे जुने फोटो गेले आहेत, ज्यांच्याकडं कागदावरचे फोटो असतील त्यांनी आणावेत, पुन्हा उतरवून मिळतील. लोक आले. कुणी बडबडलं, कुणी हळहळलं, बरेचजण भिंतीवरचे फोटो हारासकट काढून घेऊन आले. थोडंफार परत जमलं. आता ते रोज उतरवून डिस्क कपाटात ठेवतात. कुणी मोबाइल पुढं करून “काका, हे अपडेट मागतंय” म्हटलं की हातातलं काम टाकून आधी ते पान बंद करून देतात आणि खरं अपडेट कुठं बघायचं ते दाखवतात.

पावसाळ्याच्या तोंडावर चांगो दुकानात आला. अंगात धुतलेला सदरा. या वेळी तो खुर्चीवर बसला.

“माझा काढा,” तो म्हणाला. “मी गेल्यावर पोरांची फरफट नको.”

हनुमानांनी दिवे लावले, त्याचं फडकं सरळ केलं. हसवायची हिंमत त्यांना झाली नाही. फोटो निघाला, कागदावर आला. चांगोनं तो उजेडात धरून पाहिला, फुंकर घातली, सदऱ्याच्या आत सरकवला.

“आता तो पेटीतला पुसा.”

“बाबा, आता मी वेगळा ठेवतो. कपाटात. काय व्हनार नाय त्याला.”

“पुसा, दादा. माझा माझ्याकडं बरा.”

हनुमानांनी आयुष्यात पहिल्यांदा एक फोटो पुसला. चांगो पडद्याकडं बघत होता. फोटो गेल्याची खात्री झाल्यावर त्यानं काठी उचलली, जयाला “येतू, वहिनी” म्हटलं आणि वाडीच्या वाटेला लागला.