दसऱ्याचा बाण

आमच्या गावच्या दसऱ्याचा बाण करणारा म्हातारा बाणालाच शिव्या देतो. ओढ्याकाठचा बोरू निखाऱ्यावर शेकायचा, एक डोळा मिटून त्याच्या लांबीवर नजर टाकायची आणि दम भरायचा, “सरळ हो भाड्या, न्हायतर चुलीत घालीन!” माणसांशी बोलतानाही तो एक डोळा मिटतो. बहुतेक माणसं त्याला वाकडीच दिसत असावीत.

दसऱ्याला शिवेवर केळीचा खुंट रोवतात. त्यावर बाण सोडायचा मान आमच्या घराचा. लागला तर माझं कौतुक, चुकला तर त्याचा बाण वाकडा. मागच्या दसऱ्याला चुकला, तेव्हा पोरं म्हणाली, “आता शहरातून फायबरचा आणू.”

यंदा माझा बाण देवाच्या पालखीवरून थेट तुरीत गेला. रिवाजाप्रमाणे म्हातारा सगळ्यांच्या आधी खुंटाकडं पळाला आणि ओरडला, “लागला!” बघतो तर खुंटात बाण रुतलेला. हलगी वाजली, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. पारावर अजून माझ्या नेमाची तारीफ चालते, म्हणून हे लिहितोय.

दुसऱ्या दिवशी तो तुरीतला बाण घेऊन घरी आला.

“गड्या, माझी लाज राखलीस,” मी म्हणालो.

“तुमची कशाला? बाणाची राखली. दुसरा धोतरात खोवला व्हता, हातानंच खुपसला.” त्यानं डोळा मिटून बाण निरखला. “ह्यो सरळ हाय, मालक.”

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मिटलेला डोळा काही उघडला नाही.