शेंदराखालचा अभ्रक

दत्तूमास्तर गेल्याला महिना होत आला. आमच्या धावडा गावच्या शाळेत शोकसभा झाली, तिथं पाटील डोळे पुसत म्हणाले, "असा सच्चा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई." शी! याच पाटलांनी मास्तरांना पाखंडी ठरवून त्याच शाळेतून काढलं होतं. आणि मी, मास्तरांचा दोस्त म्हणवणारा, पुढच्या रांगेत मान हलवत बसलो होतो.

मास्तर तरुणपणी निजाम सरकारच्या दगड तपासणाऱ्या खात्यात होते. कुठं कुणी विहीर खोदत असलं की दगड उचलून उन्हात फिरवायचे. मला म्हणायचे, "शेट, आपला काळा दगड म्हंजी जमिनीवर वाहत येऊन जल्दी थिजलेला रस. त्यात अभ्रकाचे असे चमचमते पापुद्रे सापडायचे न्हाईत. ते जमिनीच्या पोटात, लई खोल, सावकाश तयार व्हतात. ते दिसले की समजायचं, दगड परमुलखातला."

मग गंगूबाई नावाच्या विधवेच्या रानात देव निघाला. नांगराला लागला म्हणे! पाटलांनी लगोलग त्याला शेंदूर फासला. देव निघाला की रान देवाचं आणि देवाचा कारभार पाटलांचा, असा इथला रिवाज. तिचं तेवढं एकच रान. मास्तर भर गर्दीत पुढं झाले आणि नखानं शेंदूर खरवडला. खाली अभ्रक लखलखला. "बघा! हा बिलकुल इथला न्हाई, तेलंगणातला हाय. कुणीतरी आणून पुरलाय..." पण लोकांना काय दिसलं? देवाचं तेज! लोटांगणं सुरू झाली. गंगूबाईनंसुद्धा कपाळ टेकवलं.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं... दगड माझ्याच गाडीतून आल्ता. सरकी घेऊन मी तेलंगणात गेल्तो, येताना पाटलांनी "देवळाला पायरी पाहिजे" म्हणून मागवलेला. एवढं बोललो असतो तरी रान वाचलं असतं. मी खाली बघून चपला शोधत राहिलो. त्या दिवसाची मला अजून किळस येते, आणि माझी त्याहून जास्त.

परवा मास्तरांच्या खोलीवर गेलो. फळीवर दगडांचे तुकडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुठला, कुणी आणला. त्यातल्या अभ्रकाच्या नखाएवढ्या एका पापुद्र्याला शेंदूर होता. चिठ्ठीवर त्यांचं बारीक अक्षर: "तेलंगणातला. कुणी आणला ते मला ठाऊक आहे. तो स्वतः सांगेल."

त्या दिवसानंतर आठ वर्षं त्याच फळीखाली बसून मी त्यांच्या घरचा चहा प्यालो. त्यांनी एकदाही विचारलं नाही. गंगूबाई आज स्वतःच्याच रानात पाटलांची मजूर म्हणून खुरपून राह्यली.

मास्तर, सांगतो. दगड मी आणला, पाटलांनी मागवला. रान गंगूबाईचं आहे.