सासूचा फॉर्म

‘बरी आहे’ हे दोन शब्द ऐकले की आमच्या मॅडमचं डोकं फिरायचं. “ताई, हे उत्तर चालत नाही,” असं मला सुनवायच्या, जसं काही ते मीच दिलं होतं. बाई पुण्याच्या, भरपूर शिकलेल्या. गरोदर नि बाळंत बायकांच्या मनात काय चालतं ते शोधायला मालगुंडच्या अलीकडे आमच्या गावात आल्या. मी गावची आशाताई, म्हणून घरं दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मनात म्हटलं, अगो बाई, त्यासाठी पुण्याहून कशाला यायला हवं? नळावर उभं राहिलं की सगळं कळतं.

पहिले पंधरा दिवस नुसता तमाशा. मॅडम पुस्तकी भाषेत विचारायच्या, “गेल्या आठवड्यात भविष्याविषयी उत्साह वाटला का?” बाळंतीण सासूकडे बघायची. सासू सांगायची, “भविष्य आमचे भटजी बघतात.” दुसरी म्हणाली, “उत्साह कसला? मुलगी झाली हाय.” प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं. झाडून सगळ्या सुना ठणठणीत! एवढं सुखी गाव उभ्या कोकणात नसेल.

शिवाय मॅडमना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. सात घरं, सात कोकम सरबतं. आठव्या घरी पहिला प्रश्न, संडास कुठे आहे. यावरून मी त्यांना येताजाता चिडवायचे नि त्याही खळखळून हसायच्या.

मग त्यांनी डोकं चालवलं. दुसरा फॉर्म काढला, सासूचा. तो मी पडवीत बसून भरायचा, तोवर मॅडम आत सुनेशी बोलणार. तुमचं पहिलं बाळंतपण कुठे झालं, शेक कोणी दिला, कितव्या दिवशी कामाला लागलात. मी ओळखलं, सासवांना बाहेर बसवायची ही युक्ती. पण काय चालली म्हणता! सासवा पदर खोचून बसायच्या. “आमच्या वेळी असली थेरं नव्हती,” इथून सुरुवात. शेवटचा प्रश्न होता, ‘तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं का, कशी आहेस?’ तिथे मात्र तोंडाचा पट्टा थांबायचा. मी ‘नाही’ लिहून पुढच्या घरी निघायचे.

एक दिवस यादीत माझंच घर आलं. सून रसिका दोन महिन्यांचं बाळ घेऊन माहेराहून आली होती. मुलगा मुंबईला नोकरीत. मॅडमनी विचारलं, “रसिका, झोप लागते का?”

“न लागायला काय झालं?” मी म्हटलं. “खाते, पिते, बरी आहे.”

मॅडमनी पिशवीतून सासूचा फॉर्म काढून माझ्या हातात दिला. “ताई, पडवीत.”

असा राग आला! माझ्याच घरात मला पडवीत! तरी जाऊन बसले. शेवटच्या प्रश्नाशी पेन अडलं. मुलगा झाला तेव्हा मी महिनाभर भिंतीकडे तोंड करून रडायचे, आणि माझी सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, खाते, पिते, बरी आहे. आतून रसिकाचं रडणं ऐकू येत होतं.

मॅडम बाहेर आल्या. “तिने सांगायला सांगितलं म्हणून सांगते. तिला जगावंसं वाटत नाहीये. तिला एकटीला ठेवू नका. आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ.”

रोज दुसऱ्यांची दारं ठोठावणारी मी, आणि माझ्या घरात दिव्याखाली अंधार. लाज वाटली, फार लाज वाटली. रिक्षा करून तशाच रत्नागिरीला गेलो. मुलाला बोलावून घेतलं. रसिका सावरायला कितीतरी महिने गेले, पण सावरली.

काम संपवून निघताना मॅडमनी सासवांचे फॉर्म नीट बांधून घेतले. “हे कशाला? ती तर युक्ती होती ना?” मी विचारलं.

“युक्ती होती. पण उत्तरं खरी आहेत,” त्या म्हणाल्या. “तुमचा शेवटचा प्रश्न तेवढा कोरा आहे.”

परवा मी पडवीत तांदूळ निवडत होते. रसिका शेजारी येऊन बसली. “आई, तुम्ही कशा आहात?”

“बरी आहे,” मी म्हटलं.

“हे उत्तर चालत नाही,” असं म्हणून तिने माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. मला त्या बाईची इतकी आठवण आली! मग मी बोलायला लागले, मुलाच्या जन्मापासून. आत आमटी करपल्याचा वास आला, पण दोघींपैकी कोणीही उठलं नाही.