सहाव्या नंबरची टोपली

घड्याळकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेच्या बसमधल्या पोरांनी ते ठेवलेलं, कारण एकतीस वर्षांत काकांची बस थांब्यावर कधी मिनिटभर उशिरा आली नव्हती. माणूस नाकासमोर चालणारा. चैन म्हणावी तर एकच, रविवारी सकाळी साडूबरोबर तळ्यावरच्या सार्वजनिक बागेत चकत्यांचा खेळ. ताटलीएवढी प्लॅस्टिकची चकती लांबून फेकायची आणि खांबाला साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. कमी फेकींत अठरा टोपल्या उरकेल तो जिंकला. साडू बसच्याच डेपोत मेकॅनिक, तोंडाने फटकळ, आणि अकरा वर्षांत बहुतेक वेळा हरलेला. त्याची नात छोटी काकांच्याच बसने शाळेत जायची.

चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने काकांना सांगितलं होतं की नजरेचा मधला भाग चाललाय आणि गेलेला परत यायचा नाही. कडेकडेचं दिसायचं, समोर रोखून बघावं तिथे राखाडी डाग. काका हे बायकोलासुद्धा बोलले नाहीत. निवृत्तीला आता सहाच महिने उरलेले, ते काय, असे निघून जातील! डेपोतल्या तपासणीत भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वर्षानुवर्षं तोच, तो घडाघडा म्हणून दाखवला. रस्ता पाठ, थांबे पाठ. अहो, चाळीस लेकरं मागे बसवून हा शहाणा माणूस पाठांतरावर बस हाकत होता! आणि बागेतल्या टोपल्या तर त्यांच्या हाताला पाठ होत्या.

त्या रविवारी पाच टोपल्या झाल्या आणि काका दोन फेकींनी पुढे होते. सहावी टोपली तळ्याच्या अगदी काठावर. तिथून खालचं पाणी आणि पलीकडचे डोंगर असे दिसतात की लोक नुसते फोटो काढायला येतात. काकांना तळं म्हणजे आता फक्त उजेडाचा पट्टा होता.

फेकायच्या जागेवर खांबाला कागद चिकटवलेला होता.

"वाचलंस का रे?" साडू बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला.

"वाचलं, वाचलं." कुत्री मोकळी सोडू नका, असलंच काही तरी असणार, असं काकांना वाटलं.

त्यांनी पाय रोवले आणि चकती सोडली. ती पाण्यावरून वळण घेत काठावर येऊन पडली. फेक झकास होती, पण साखळ्या वाजल्या नाहीत.

"हुकली थोडक्यात! दोन हातांवर पडली बघ," काका म्हणाले.

साडू खो खो हसला. "कशापासून दोन हात? काठ ढासळला म्हणून टोपली झाडांकडे नेलीय ना, कागदावर लिहिलंय की! ती बघ, पिवळीधमक."

काका मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने शोधायला लागले. ते बघून साडूचं हसू आटलं.

"चेष्टा केली रे तुझी," काका म्हणाले. पण थापा मारणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

साडू बाकावर बसला. "गुरुवारी तुझ्या बसचा फुटपाथकडचा आरसा मी बदलला. फांदी लागली म्हणालास. तुझ्या शब्दावर मी वर कळवलंसुद्धा नाही. फांदीच होती ना?"

काका चकत्यांची पिशवी आवरायला लागले.

"अरे, होती ना?"

"माहीत नाही. पोरांना सोडून रिकामी बस आणत होतो. काही तरी लागलं. मी थांबलो नाही. तीन दिवस घरात बातम्या लावू दिल्या नाहीत मी."

"गाढवा!" साडू ओरडला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. शेवटी हळूच म्हणाला, "हे बघ, मी कोणाला बोलणार नाही. सहाच महिने आहेत. छोटीला उद्यापासून मी सोडत जाईन शाळेत."

त्याने हे मायेनेच म्हटलं होतं, आणि काकांना ते समजलं.

"आणि बाकीच्या एकोणचाळीस पोरांना?"

विचारता विचारताच काकांना स्वतःची शरम वाटली. त्यांनी खिशातून बसची किल्ली काढून साडूच्या हातावर ठेवली.

"डेपोत आपण दोघं जाऊ. तोंडाने मीच सांगेन. पण त्याआधी शाळेपासून डेपोपर्यंतचा रस्ता चालत जाऊ. दारोदार विचारू, गुरुवारी कोणाला काही लागलं का."

"आत्ता? अरे, तुझी चकती..."

"राहू दे ती. मला रस्त्यावरचं काही दिसायचं नाही. तू बघ, आणि जे काही असेल ते मला खरं सांग."

साडूने त्यांचा दंड धरला. एरवी काकांनी त्याचा हात झटकला असता.