नाकवाले मामा

मी माझ्या लेकीचा फुटलेला कान पिळला. पोरगी ऐकत नाही, एवढंच माझ्या मास्तरी डोक्यात होतं. ‘ऐकत नाही’चा दुसरा अर्थ मला शिकवला तो बायकोच्या आत्तेभावानं. कान दुखतो म्हणून आलेल्याच्या नाकात बघणारा असा डॉक्टर निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसेल. हैदराबादेहून शिकून हिंगोलीत आला आणि पोरासोरांचा ‘नाकवाले मामा’ झाला. पंगतीत पानातलं सोडून समोरच्या पोरांची तोंडं बघायचा, कोण घास चावता चावता श्वासाला थांबतंय म्हणून. जवळा बाजारला स्वतःसाठी मुलगी बघायला गेला, तर तिच्या धाकट्या भावाच्या नाकाखाली आरसा धरून बसला. आरशावर वाफ धरेना. मुलगी कशी वाटली विचारलं, तर म्हणाला, “पोरगं लई घोरत असंल न्हाई?” सोयरीक तिथंच मोडली. पोरगं मात्र पुढं त्याच्याकडे औषधाला येऊ लागलं.

मी लेकीचा कान पिळत असताना त्यानं माझा हात धरला. “दाजी, लेकरू ऐकत न्हाई, का त्याला ऐकूच येत न्हाई?” लेक पुन्हा खेळायला लागल्यावर तिच्या मागं उभं राहून त्यानं हळूच हाक मारली. ती तोंड उघडं टाकून खेळत राहिली. मग त्यानं मला समजावलं. नाकाच्या मागं, पडजिभेच्या वर, लेकरांना मांसाची एक गादी असते. ती सुजली की कानातून घशाकडे उतरणारी नळी बुजते, आत पाणी तुंबतं, नासतं, आणि कान पुन्हा पुन्हा फुटतो. “पाणी तुंबलं तर तुमी नहाणी पुसून राहिले, दाजी. पाणी जायची मोरी कोण बघंल? हैदराबादेला नेऊ, तेवढं मांस काढून घेऊ.”

मी हसलो. कान वाहतो आणि सोयऱ्याधायऱ्यांत सांगू काय, की पोरीचं नाक कापून आणलं? हा विनोद मी गावभर सांगितला आणि कानात लसणाचं तेल ओतत राहिलो. तो भेटला की एकच विचारायचा, “काहून थांबलात?” शेवटी कानामागं सूज आली, तेव्हा रझाकारांच्या धामधुमीत, लोक गाव सोडायला भीत असताना, तोच आम्हाला आगगाडीत घालून हैदराबादेला घेऊन गेला.

ऑपरेशन होऊन परतताना लेक तोंड मिटून झोपली होती. तो त्या मिटल्या तोंडाकडे बघत बसला. “उजवा कान वाचला, दाजी. डावा माझ्याच्यानं न्हाई वाचला.” उशीर माझा, आणि हळहळ त्यानं आपल्या नावावर घेतली.

त्याच साली पुसेगावला पटकीच्या रोग्यांत गेला, तो परत आला नाही. निरोप आला तेव्हा लेक अंगणात ठिकरीच्या रेघा ओढत होती. मोठ्यानं सांगवेना, म्हणून तिच्या शेजारी बसलो आणि कानाशी लागून सांगितलं, मामा गेले. ती रेघा ओढत राहिली. मला वाटलं, एवढ्याशा जिवाला मरण काय कळणार. मग माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या गालाला लागलं, तशी ती वळली.

“बाबा, तो कान गेलाय माझा. तुमच्या अजून कसं ध्यानात राहत न्हाई? इकडून सांगा.”