दोन बोटं उजवीकडे

गाझियाबादमध्ये दहा वर्षांपूर्वीचं काही कुणाला विचारू नये. कालचं शेत आज सोसायटी असतं, आणि सोसायटीतल्या माणसांना शेत ठाऊक नसतं. त्यामुळे वैशाली नावाच्या वसाहतीच्या मार्केटात आज जिथं मोबाईलची कव्हरं लटकतात, तिथं पंचाण्णव ते नव्व्याण्णव अशी चार वर्षं पाटणकरांचं गेम पार्लर होतं, हे तिथं कुणीच तुम्हाला सांगणार नाही. पाटणकर स्वतः सांगतील, पण त्यांना विचारतो कोण!

शशिकांत पाटणकर मूळचे पुण्याचे. रेडिओ-टीव्हीचा डिप्लोमा करून साहिबाबादच्या एका टीव्ही कारखान्यात लागले. लग्न झालं, वासंतीबाई आल्या, अंकुर झाला. मग देशाची दारं उघडली, परदेशी रंगीत टीव्ही आले आणि कारखान्याचं दार बंद झालं. बेचाळिसाव्या वर्षी माणूस घरी बसला. पण हातात पेचकस नसला की त्यांना जेवण जायचं नाही. महिनाभरानं त्यांनी मुंबईच्या एका मित्राकरवी एक वापरलेलं जपानी यंत्र मागवलं. पडदा, सीट, स्टिअरिंग, पायाशी पेडल, असलं भलंमोठं धूड. पडद्यावर समुद्राकाठचा रस्ता आणि त्यावर एक लाल गाडी. वर गेमचं इंग्रजी नाव झोकात लिहिलेलं होतं, पण पोरं त्याला ‘लाल गाडी’च म्हणायची.

सहा महिन्यांत स्टिअरिंगच्या आतला एक बारीक भाग गेला. तो जपानचा, इथं मिळणार कुठून? पाटणकरांनी दिल्लीचं लजपतराय मार्केट पालथं घातलं आणि शेवटी रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचा भाग आणून तिथं बसवला. टीव्ही मेकॅनिकचं डोकं ते! यंत्र चाललं. फक्त गाडी जराशी डावीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग दोन बोटं उजवीकडे धरलं की सरळ जायची. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. नवा कुणी आला की जुनी पोरं त्याला शिकवायची, “राइट पकड़ के रख, दो उँगली.” हळूहळू सगळ्यांना वाटायला लागलं की गेम असाच असतो.

अंकुरला तर नक्कीच वाटायचं. तो शाळेतून थेट दुकानात यायचा. तेराव्या वर्षी लाल गाडी त्याच्यासारखी चालवणारा त्या मार्केटात दुसरा नव्हता. संध्याकाळी बाप-लेक सायकल हातात धरून चालत घरी यायचे, बोगद्यानंतरच्या वळणावर ब्रेक मारावा की नाही यावर वाद घालत. वासंतीबाई म्हणायच्या, “अहो, पोराशी जेवढं बोलता तेवढं माझ्याशी बोललात तर पुण्य लागेल.” पाटणकरांच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि तेव्हाही ते त्यांना कळत होतं.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात दक्षिण दिल्लीत नवं, एसीवालं गेम सेंटर उघडलं. त्यांनी स्पर्धा ठेवली, आणि गेम हाच! पाटणकर अंकुरला आणि दुकानातल्या आठ पोरांना घेऊन दोन बस बदलत तिथं गेले. निघताना वासंतीबाईंनी अंकुरच्या हातावर दही-साखर ठेवली होती.

पहिल्याच वळणावर लाल गाडी उजवीकडच्या भिंतीवर आदळली. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीला लोक हसायला लागले. अंकुर लालबुंद होऊन खाली उतरला आणि म्हणाला, “बाबा, इथलं स्टिअरिंग वेगळं आहे.”

पाटणकरांनी त्याची मनगटं पाहिली होती. दोन बोटं उजवीकडे. त्यांना सगळं लख्ख समजलं होतं. पण बाजूला ती आठ पोरं उभी होती. “हो रे, माझंच यंत्र वाकडं आहे,” हे म्हणायला त्यांची जीभ रेटेना. ते खेकसले, “नाचता येईना, अंगण वाकडं! लक्ष कुठं होतं तुझं? सगळ्यांसमोर शेण खाल्लंस!”

अंगण वाकडं होतं, आणि ते ह्यांनीच बांधलेलं होतं.

त्यानंतर अंकुर दुकानात आला नाही. बोलायचा, पण विचारलं तेवढंच. दोन वर्षांनी दुकान बंद झालं, पाटणकर लोकांच्या घरी जाऊन टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करू लागले. अंकुर इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गेला, मग गुडगावला नोकरीला. गुडगाव काही सातासमुद्रापार नाही. पण तो दोन महिन्यांतून एकदा यायचा, तासभर बसायचा, आणि बाप-लेक दोघंही टीव्हीकडे बघत राहायचे.

“अहो, एकदा सांगून टाका त्याला,” वासंतीबाई म्हणायच्या. फक्त त्यांना हे ठाऊक होतं. पाटणकर म्हणायचे, “सांगतो, या दिवाळीला.” दिवाळ्या आल्या आणि गेल्या. दोन हजार पाच साली वासंतीबाई गेल्या. मग पाटणकर दुपारी पोळीभाजीचा डबा उघडताना एकटेच म्हणायचे, “या दिवाळीला.”

दोन हजार नऊच्या ऑगस्टमध्ये जवळच्या एका नव्या मॉलचा कागद वर्तमानपत्रातून पडला. गेम झोनची जाहिरात होती, आणि कोपऱ्यात तीच लाल गाडी! जुना गेम जपानी कंपनीनं नव्यानं आणला होता. पाटणकर दुसऱ्या दिवशी अकरा वाजताच तिथं हजर. यंत्र नवंकोरं होतं, पण समुद्र तोच, बोगदा तोच. ते सीटवर बसले, स्टिअरिंग धरलं, आणि पहिल्याच वळणावर गाडी उजव्या भिंतीवर आदळली.

“अंकल, पहली बार खेल रहे हो?” तिथला माणूस म्हणाला.

पाटणकरांना हसू आलं आणि पाठोपाठ डोळेही भरले. रोज दुकान उघडताना ते स्वतः एक फेरी मारायचे; दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, तरी हात विसरले नव्हते. आपले विसरले नाहीत, तर अंकुरचे कसे विसरतील? त्याला इथं बसवायचं. गाडी उजवीकडे आदळली की त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, बाळा, चूक तुझी नव्हती. मग गाठ सुटेल. मग तो येईल, राहील, बोलेल. त्यांनी बाहेर येऊन फोन लावला. “रविवारी ये. काम आहे. हो हो, महत्त्वाचं आहे.”

रविवारी दुपारी अंकुर आला. मॉलमध्ये नेल्यावर जरा गोंधळला, पण यंत्र पाहून हसला. “अच्छा, हा! हा तर माझ्याकडे घरी आहे, बाबा. मार्चमध्ये री-रिलीज झाला ना, तेव्हाच घेतला. स्टिअरिंगसकट. ऑफिसमधले सगळे येऊन खेळतात.”

“बस तरी,” पाटणकर म्हणाले.

अंकुर बसला. पाटणकर बाजूला उभे राहून त्याच्या मनगटांकडे बघत होते. गाडी सुटली. पहिलं वळण सरळ गेलं. बोगदा, त्यानंतरचं वळण, सगळं सरळ. मनगटं कुठंच कलली नाहीत. तो पहिला आला.

गाडी आदळलीच नाही, त्यामुळे खांद्यावर हात ठेवून सांगायची सोय उरली नव्हती. तरी पाटणकरांनी सांगितलं. ते रेडिओच्या भागापासून सुरू झाले आणि शेण खाल्लंसपर्यंत आले. मध्ये कुठंच थांबले नाहीत. “चूक माझी होती. मला तेव्हाच कळलं होतं. आठ पोरांसमोर लाज वाटली, म्हणून तुझ्यावर ढकलली.”

अंकुर मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता. “कोणती स्पर्धा, बाबा?”

“सत्त्याण्णवची. एसी होता तिथं. आईनं दही-साखर दिली होती.”

“नाही यार बाबा. बिल्कुल नाही आठवत.”

“मग दुकानात यायचा का थांबलास?”

“थांबलो होतो?” अंकुरनं खांदे उडवले. “आठवीत ट्यूशन लागली होती ना? आणि क्रिकेट. असंच असेल काहीतरी.” मग त्याला बापाचा चेहरा दिसला, आणि त्यानं त्यांचा हात धरला. पोरगं वाईट नव्हतंच. “बाबा, माझा काही राग वगैरे नाहीये. कधीच नव्हता. तुम्ही एवढं टेन्शन घेऊन बसलात? मला तर वाटलं डॉक्टरचा रिपोर्टबिपोर्ट आला काही. चलो, जेवू या.”

ते जेवले. अंकुरनं दोनदा फोन पाहिला, चार वाजता ट्रॅफिक लागेल म्हणाला, गाडीतून हात हलवला आणि गेला.

पाटणकर मॉलच्या बाकावर बसून राहिले. बारा वर्षं त्यांना वाटत होतं की मुलगा रुसलाय. रुसलेला मुलगा कधीतरी परत येतो, त्याला परत आणायचे शब्द असतात, आणि ते त्यांनी जपून ठेवले होते. ज्याला रागच नाही, त्याला काय सांगून परत आणायचं? तो कुठल्या भांडणानं गेलाच नव्हता. तो नुसता गेला होता.

घरी जाऊन करायचं असं काही नव्हतं. ते उठले, पुन्हा गेम झोनमध्ये गेले आणि सीटवर बसले. गाडी सुटली, हात कलले आणि गाडी उजव्या भिंतीवर आदळली.

“अंकल, सीधा पकड़ो,” तो माणूस म्हणाला.

“हमारे यहाँ ऐसे ही पकड़ते थे,” पाटणकर म्हणाले, आणि त्यांनी स्टिअरिंग तसंच धरून ठेवलं.